मागे जाताना न धरणारा ब्रेक

सोम., ९ फेब्रु.

सकाळी गाळ्यात दोन ट्रेलर, दोन्हींचे मागचे ब्रेक लायनर संपलेले. एका ड्रायव्हरला विचारलं, घासल्याचा आवाज कधीपासून येतो? म्हणे, ताई, गाणी लावलेली असतात ना. धन्य आहे.

अकराला हरीभाऊ आले, जीपच्या मागे एक पांढरं घर ओढत. खरंच घर. दोन चाकं, खिडक्यांना पडदे, आत पलंग, बेसिन, एवढासा ओटा. आमचे जुने मिस्त्री सलीमभाई लायनरला रिबिट मारत होते, त्यांची हातोडी वरच राहिली. "या अल्ला! सुमाबेटी, ये तो पूरा फ्लॅट है."

हरीभाऊ जासईचे. त्यांचे चार ट्रेलर न्हावा शेव्याला कंटेनर ओढतात, चारींचे ब्रेक माझ्या वडिलांच्या, दादांच्या काळापासून आमच्याकडे. ही कॅराव्हॅन एका यार्डात गवतात पडून होती, कुणा परदेशी साहेबानं कधीकाळी आणलेली. ती घेतली.

कशाला, म्हणून विचारलं. तर आईसाठी. हिराबाय, ऐंशीच्या पुढची. खुबा मोडल्यापासून बसता येत नाही, आडवी असते. तिला कार्ल्याला एकवीरा आईच्या डोंगराशी जायचंय. "चढायची नाय ती. पायथ्याला गारी उबी करू, आये पलंगावरून खिरकीतून डोंगर बगंल, वटी भरू, दोन घास खाऊ, परत. यात्रेची गर्दी व्हायच्या आदी, मंगलवार धरून. ताई, ब्रेक तेवरे बगून द्या."

१० मार्चचा मंगळवार ठरलाय. असला ब्रेक मी जन्मात उघडलेला नाही. हे त्यांना सांगितलं नाही. हात शिवशिवतायत.

मंगळ., १० फेब्रु.

ड्रम काढला. केवढासा! ट्रेलरच्या ड्रमपुढे म्हणजे कढईपुढे फोडणीची पळी. आत धूळ, गंज, कोळ्याचं जाळं, एक वाळलेली पाल. फुंकर मारायची नाही, हवेचा पाइप लावायचा नाही, ओलं फडकं. सलीमभाईंनी तीस वर्षं फुंकरा मारल्या, आता खोकतायत.

शूला, म्हणजे ड्रमला आतून दाबणाऱ्या लोखंडी कमानीला, लायनर चिकटवलेला, रिबिट एकही नाही. सलीमभाईंना पटेना. "गोंद पे भरोसा? घाट में?" जाडी अजून बरी आहे. बेअरिंग धुऊन ग्रीस भरलं, ऑइल सील नवं, स्प्लिट पिन नवी. इथपर्यंत ओळखीचं.

पण याला पेडल कुठंय? हवेची नळी नाही, तेलाची नळी नाही. जीपला जोडायच्या पुढच्या दांडीपासून एक सळई, सळईला दोन केबल, केबल चाकांकडे. संपलं. मग हा ब्रेक लागतो तरी कशानं?

बुध., ११ फेब्रु.

कळलं! दांडीचं पुढचं टोक आत-बाहेर सरकतं. जीपनं ब्रेक मारला की कॅराव्हॅन मागून जीपला ढकलणार. ढकलताना दांडी आत दबणार, सळई केबल ओढणार, चाकांना ब्रेक. म्हणजे ही जितकी जीपच्या अंगावर धावून जाईल तितकी स्वतःच अडणार. काय डोकं चालवलंय!

जेवताना दादांना वाटी नि पळी घेऊन दाखवलं. दादा म्हणाले, "का लागतो ते सोड. लागतो का ते बघ." दुकान माझ्या हातात देऊन दोन वर्षं झाली. गुडघ्यांमुळे वडील तिकडे फिरकलेले नाहीत, पण खांदा कॉलनीच्या तिसऱ्या मजल्यावरून दुकान तेच चालवतात.

गुरु., १२ फेब्रु.

उलटा हिसका दिला. नापास.

ही दादांची रीत. आमच्या गाळ्यात पुढे भिंत, गाडी पुढे घेऊन ब्रेक बघायला जागाच नाही. म्हणून हँडब्रेक ओढायचा आणि गाडी मागे रेटायची. चाक न फिरता फरशीवर घासलं तर पास. पस्तीस वर्षं या गाळ्यातून उलटा हिसका दिल्याशिवाय गाडी बाहेर गेलेली नाही.

कॅराव्हॅनचा हँडब्रेक ओढला, जीप मागे घेतली. चाकं गरगर फिरली, ब्रेक नसल्यासारखी. बाहेर केबलला नट आहे, ट्रेलरचा ब्रेक आवळायच्या अॅडजस्टरची आठवण झाली. आवळला. पुन्हा हिसका. फिरली. आणखी आवळला. फिरली. हट्टी आहे. मीही आहे.

शुक्र., १३ फेब्रु.

दुपारी धरला! चाक घासलं, फरशीवर काळी रेघ. हरीभाऊंना फोन केला, झालं म्हणून. "ताई, तुमच्या हाताला यश हाय." ऐकायला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

चाक हातानं पुढे फिरवताना जरा जड लागतंय. बसेल दोन किलोमीटरमध्ये.

शनि., १४ फेब्रु.

नाही बसलं.

उरण रस्त्याला ट्रायल. हरीभाऊ जीप चालवत होते, मी शेजारी, कॅराव्हॅन रिकामी. तीन किलोमीटरवर वास आला. तो वास मला झोपेतही कळेल. थांबवून उतरले तर डाव्या चाकातून धूर. बाटलीतलं पाणी शिंपडलं तर चर्र झालं. गाळ्यात आणून उघडलं. एका शूचा लायनर सुटून ड्रममध्ये भिरभिरलेला, बाकीचे काचेसारखे चकचकीत.

हरीभाऊ ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "ताई, हितं आये असती तर?"

तेव्हा कळलं की बेत असा होता, आईला चालत्या कॅराव्हॅनमध्येच पलंगावर झोपवून न्यायचं. मी ठाम नाही म्हटलं. चालत्या कॅराव्हॅनमध्ये माणूस नाही, मांजरसुद्धा नाही. जीपची मागची सीट आडवी करा, तिथं झोपवा. कॅराव्हॅनमध्ये न्यायचं ते उभी केल्यावर. माझ्याच कामातून धूर निघालेला आणि वर मीच अटी घालतेय. तोंड होतं का मला? तरी घातली. त्यांनी मानली.

रवि., १५ फेब्रु.

शिवरात्र. दादा खिचडी खाताना:

"जास्त आवळलास."

"सोडला की मागे धरत नाही."

"मग लायनर खराब."

"लायनर चांगला होता, दादा."

"मग तुला जमलेलं नाही."

 नळ सोडून बाथरूममध्ये रडले थोडी. चौदा वर्षं ब्रेक करतेय, असा धूर कधी काढला नव्हता.

मग डोकं ताळ्यावर आलं. मागे का धरत नाही, हे मी एकदाही विचारलं नाही. धरायला कसं लावू, एवढंच बघत बसले. एरवी दिवसभर का-का करून सलीमभाईंचं डोकं खाते, आणि नेमकं इथं विसरले. उद्या दिवसभर ट्रेलर आहेत. परवा पुन्हा पहिल्यापासून उघडायचा.

मंगळ., १७ फेब्रु.

काय सापडलं म्हणून सांगू!

ड्रमच्या मागचा पत्रा केरोसीननं धुतला. चिखलाखाली एक स्टिकर. अक्षरं पुसट, भाषा इंग्रजीही नाही. पण एक बाण आहे, गोल वळलेला. दुसऱ्या चाकालाही तसाच. दोन्ही बाण पुढे जाण्याच्या दिशेला. चाक तर दोन्हीकडे फिरतं, मग बाण एकाच दिशेचा कशाला काढेल कुणी?

सलीमभाईंना केबल ओढून धरायला सांगितली. ड्रम जसा ओढेल तसा मी हातानं शू ढकलला. पुढच्या बाजूला ढकलला, गच्च. मागच्या बाजूला ढकलला, तर शू आपल्या बैठकीसकट सर्रकन सरकला आणि आत जाऊन बसला. पुन्हा केलं. पुन्हा. वीसेक वेळा केलं असेल. सलीमभाई म्हणाले, "बेटी को खिलौना मिल गया."

हा ब्रेक मागे जाताना धरतच नाही. धरू नये म्हणूनच तसा बनवलाय! कारण उघड आहे. जीप मागे घेताना दांडी दाबली जाणारच, म्हणजे ब्रेक लागणार, मग ही मागे जाणार कशी? म्हणून बनवणाऱ्यानं मागे जाताना शूला सोडचिठ्ठी दिली. आणि मी पठ्ठी दोन दिवस आवळून आवळून त्याला मागे धरायला शिकवत होते. तो शिकला, आणि पुढे जाताना जळला.

खूप हसले. पण हेच घाटात झालं असतं तर?

शुक्र., २० फेब्रु.

सलीमभाईंनी नवे लायनर बसवले, रिबिट मारूनच. गोंदावर विश्वास नाही म्हणजे नाही.

खरा अॅडजस्टर सापडला. ड्रमच्या मागे, एका रबरी बुचाआड. चाक फक्त पुढे फिरवायचं आणि आवळत जायचं, अडेपर्यंत. मग मोकळं होईपर्यंत सोडायचं. चुकून एकदा जरी मागे फिरवलं तरी शू सरकून बसतो नि माप खोटं येतं, पुन्हा पहिल्यापासून. माझं दोनदा झालं. केबल सगळ्यात शेवटी, आणि ती फक्त ढिलाई काढण्यापुरती.

बारा किलोमीटर ट्रायल. ड्रम कोमट, तळहात ठेवता येतो. हरीभाऊंनी कचकन ब्रेक मारला तरी कॅराव्हॅन शहाण्यासारखी मागच्या मागे थांबली.

दादांना सगळं सांगितलं. इथे उलटा हिसका खोटा पडला, हेही. घास खाली ठेवला. मग म्हणाले, "आजवर मी पास केलेल्यांत असली एखादी..." नाही दादा, ट्रकला असं नसतं, तुमचा हिसका ट्रकला बरोबरच आहे. तरी अर्ध्या ताटावरून उठले. मला फार वाईट वाटलं. पण मग काय, लपवायचं होतं?

सोम., २३ फेब्रु.

अरे पण पायथा!

हरीभाऊंनी जागेचे फोटो दाखवले. पायथ्याला चढ आहे. कॅराव्हॅनचं तोंड डोंगराकडे राहणार, पाठ उताराकडे. म्हणजे उभी असताना ती मागेच सरकू बघणार. आणि मागे तर हिला ब्रेक नाही. आत हिराबाय, जिला स्वतःचं स्वतः उठता येत नाही.

शेजारच्या रिकाम्या यार्डात रॅम्प आहे, तिथं नेली. मागच्या खांबाला... नाही, वरच्या खांबाला दोर बांधला, हँडब्रेक गच्च ओढला, दोर ढिला केला. चार बोटं मागे सरकली, मी लगेच दोर खेचून धरला. तीनदा केलं. तीनदा सरकली.

मग तिकडे त्यांच्या देशात चढावर उभी कशी करतात? एवढं डोकं चालवणारा माणूस हँडब्रेकचं विसरेल? विसरणार नाही. मला दिसत नाहीये, इतकंच.

बुध., २५ फेब्रु.

जासईला गेले, हरीभाऊंना तोंडावर सांगायला की चढावर उभी करता येणार नाही. हिराबाय पलंगावर, खिडकीशी. पहिल्यांदाच भेटले. हात बघितले तिचे. मीठ ओढून ओढून बोटं वाकडी झालेली. मी तिच्या गोधडीवरच बोटांनी ड्रम काढला, शू काढले, हरीभाऊंना समजावत होते. ते "हां, हां" करत होते, कळत काही नव्हतं. म्हातारीच मधे बोलली.

"पुरं जाताना धरतंय नि मागं येताना सोरतंय? मंग ती उघारी हाय, पोरी."

उघाडी. मिठागराच्या बांधातलं दार. भरतीचं पाणी आलं की झडप आपोआप मिटते, ओहोटीला आपोआप उघडते, माणूस लागत नाही. मी दोन आठवडे डोकं फोडतेय आणि ही बाई जन्मभर तेच बघत आली!

म्हटलं, आये, पण मला दोन्हीकडून मिटणारी हवीय.

"उघारी लगीच मिटत नाय. पानी फिरला का आदी वाईच आत येतंय, मंग त्याच्याच जोरानं झडप बसते. तुजी गारी वाईच मागं येऊ दे की. तू लगीच दोर खेचतंस."

हातातला चहा गार झाला. खरंच, चार बोटांपुढे मी तिला जाऊच दिलं नव्हतं.

शुक्र., २७ फेब्रु.

जाऊ दिलं. एक वीत, दोन, तीन... दोर ताणला. नाही थांबली.

पण आता काय शोधायचं ते माहीत होतं, झडप बसवणारा जोर कुठंय? हँडब्रेकच्या दांड्याखाली एक बारीक नळकांडं आहे, मोटारीच्या डिकीला असतं तसं. मी समजत होते, दांडा उचलायला हलका जावा म्हणून असेल. तसं नाही. गाडी मागे सरकली की शू आत बसतो, केबल ढिली पडते. ती ढिलाई त्याच क्षणी ओढून घ्यायची, म्हणजे शू पुन्हा ड्रमला टेकतो आणि मग मागेही धरतो. हे काम त्या नळकांड्याचं. सोडवून अंगठ्यानं दाबलं तर लोण्यात जावी तशी त्याची सळई आत गेली. आतला वायू कधीच गेलाय.

म्हणजे बनवणारा विसरला नव्हता! मला इतका आनंद झाला की सलीमभाईंना दोन वडापाव जास्त.

बुध., ४ मार्च

होळीचे दोन दिवस गाळा बंद, गावागावांत कुणी भेटत नाही. तसलं नळकांडं इथं कुठे मिळत नाही. कळंबोलीच्या स्प्रिंगवाल्याकडे गेले. नळकांड्याच्या जागी तेवढ्याच लांबीची स्प्रिंग बसेल का? म्हणाला, बसेल ताई, जोर किती पाहिजे? मला काय माहीत. वजनकाट्याला दांडा लावून मोजला, कागदावर लिहून दिला. कागद बघून म्हणाला, असं मापून कुणी येत नाही इथं.

शनि., ७ मार्च

स्प्रिंग बसवली. रॅम्पवर नेली. हँडब्रेक ओढला, दोर ढिला केला. एक वीत मागे आली... आणि थांबली. ठाम. हरीभाऊ टाळ्या वाजवायला लागले.

मी चाकाशी खडूनं रेघ मारली, पुन्हा केलं. सव्वा वीत. तिसऱ्यांदा दीड. पाचव्यांदा दोन विती. थांबते, पण दर वेळी थोडी उशिरा. स्प्रिंग मरत चाललीय. नाही म्हटलं.

भांडण झालं. "थांबते ना? मंग झालं! मागं दगर लावू."

"दगड लावायचेच आहेत. पण दगडाच्या जिवावर मी पास म्हणणार नाही."

"मंगलवारला पाव्हने जमवलेत, ताई. आये रोज ईचारते. तुमी उगाच का-का करत बसता."

घरी आले तर दादाही त्यांच्याच बाजूनं. दगड लावून जातात गं लोक, आयुष्यभर जातायत. जात असतील. मी नाही म्हटलंय.

मंगळ., १० मार्च

आज जायचं होतं. हरीभाऊंचा फोन नाही. त्यांचे दोन ट्रेलर आज ब्रेकला यायचे होते, तेही आले नाहीत.

दुपारी त्यांच्या सुनेच्या मोबाइलवरून हिराबाय. "पोरी, उघारी बसली का?"

अजून नाही, आये.

"बसंल. घाई नको करू. डोंगर कंय जात नाय."

 फोन ठेवून उगाच ड्रम पुसत बसले.

गुरु., १२ मार्च

दुसरी स्प्रिंग, जाड तारेची. दहा वेळा केलं. दहा रेघा, सगळ्या एकमेकींपासून दोन बोटांच्या आत. एक वीत, बस. शेवटच्या तीन वेळा आत पाण्याचे कॅन ठेवून, दोन बायका होतील इतकं वजन. तरी एक वीत. मग एक तास तशीच उभी ठेवली. खडूची रेघ टायरला चिकटलेली ती चिकटलेलीच.

हरीभाऊंना मीच फोन केला. १७ चा मंगळवार. म्हणाले, "ट्रेलर उद्या धारतो."

रवि., १५ मार्च

दादा आले! रिक्षानं, काठी टेकत, न सांगता. रॅम्पच्या बाजूला खुर्ची टाकून बसले. "दाखव."

दाखवलं. खडूची रेघ त्यांनी स्वतः वाकून मारली, गुडघे कुरकुरत असताना. कॅराव्हॅन एक वीत मागे आली, थांबली. अर्धा तास रेघेकडे बघत होते. मग म्हणाले, "का थांबली?"

दादांच्या तोंडून 'का'! सलीमभाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. दादांचाच हात घेऊन त्यांच्या बोटांवर दाखवलं, हा ड्रम, हा शू, ही केबल. दोनदा विचारलं त्यांनी. दुसऱ्यांदा माझ्याआधी उत्तर त्यांनीच दिलं.

मंगळ., १७ मार्च

सातला हरीभाऊंची मंडळी निघाली. हिराबाय जीपमध्ये आडवी, हिरवं लुगडं, केसांत अबोली. हरीभाऊंना सूचना कागदावर लिहून दिल्या. खोपोलीच्या जुन्या घाटानं, सावकाश. चालत्यात आत कुणी नाही. उभी केल्यावर दोन्ही चाकांमागे दगड. खडूची रेघ. तासाभरात निघायचं.

१२.४० – फोन. पोचले. एक वीत मागे आली नि थांबली! हिराबाय खिडकीशी, डोंगर समोर. मागे बायकांचं गाणं ऐकू येत होतं. रडले मी गाळ्यात, सगळ्यांसमोर. सलीमभाई म्हणाले, "मुबारक, बेटी," आणि लगेच, "रिबिट का कमाल है."

२.३० – मीच केला. निघालात?

"नाय ना. आये निगायचा नाव घेत नाय. बोलते, आजची रात आईच्या दारात."

दगड लावलेत ना?

"आमी जेवलो आताच, ताई."

"हरीभाऊ, दगड?"

"आयेनं काराया लावले, ताई. बोलते, पोरीनं म्हयना घातला नि तुमी तिच्या कामामागं दगर लावता? लाज नाय वाटत?"

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता लावा, आणि आईला फोन द्या.

"आये, दगड लावू द्या त्यांना."

"नाय. तू एक वीत बोललीस ना?"

"हो."

"एकच वीत आली. मंग?"

 माझ्यावर इतका विश्वास मी स्वतः ठेवलेला नाही. म्हटलं, आये, मी तासाभराची तपासलीय. रात्रीची नाही तपासली.

"मंग ये बगायला." आणि फोन ठेवला. त्यानंतर लावतेय तर लागतच नाही, डोंगरात रेंज नसेल.

भीती वाटतेय. सरळ भीती. जाड तार आहे, दहा वेळा बघितलंय, वजन घालून बघितलंय, तरी वाटतेय. आणि या मेल्या डोक्यात भीतीच्या बाजूलाच प्रश्न बसलाय, ताणून राहिलेली स्प्रिंग सकाळी कितीवर असेल? एक वीत, की दोन बोटं पुढे?

गाळा सलीमभाईंवर सोडला. दादांना फोन केला, कार्ल्याला जातेय, जेवून घ्या. म्हणाले, थांब.

३.१५ – हे कॉलनीच्या फाटकाशी गाडीत बसून लिहितेय. दादा खालीच उभे होते, काठी, चपला, कापडी पिशवी. पुढच्या सीटवर पाय आत घेतायत, एकेक करून. पिशवीत दोन लाकडी ठोकळे आणि खडूचा अख्खा बॉक्स.

"ठोकळे ती लावू देणार नाही, दादा."

"मग रेघ मारू. दर तासाला एक. चल."